कासूची पोपटी आणि तांबूस बियरचे चार घोट

कासू हे नाव बहुतेकींनी वर्तमानपत्रात वाचलं असेल, आणि तेही खड्ड्यांच्या बातमीत. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचा पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा पहिला टप्पा. पुढे त्याचे दोन तुकडे पडले, 'पळस्पे ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर'. 2011 साली सुरू झालेलं हे काम दहा वर्षं उलटली तरी पुरं झालं नव्हतं, त्यामुळे बिचाऱ्या कासूचं नाव दर पावसाळ्यात छापून येत राहिलं. गावात काय पिकतं, काय शिजतं, हे मात्र कुणी छापलं नाही.

ह्यांचं आजोळ कासूचं, म्हणून मला ते खड्ड्यांपलीकडे ठाऊक झालं. आम्ही जातो ते आगगाडीने. दिवा-रोहा गाडी पनवेल, आपटा, हमरापूर करत पेणला येते, गणपतीच्या मूर्ती आणि पापड-पोह्यांच्या पेणला निम्मी गाडी रिकामी होते, आणि पुढचंच स्टेशन कासू. आपट्यापासून रोह्यापर्यंतचा हा लोहमार्ग 1986 सालचा. त्याआधी मामेसासूबाई माहेरी जायच्या ते एस.टी.ने, मांडीवर मूल आणि पायांशी तांदळाचं गाठोडं. स्टेशनावर उतरलं की एका अंगाला डोंगराच्या सोंडा दिसतात, दुसऱ्या अंगाला खाडीकडे उतरत गेलेला सपाट खारेपाट. वडखळ-डोलवीकडे पोलाद कारखान्याची धुराडी आहेत, नागोठण्याकडे रसायनांचा कारखाना. पण थंडीच्या दिवसांत मधल्या शेतांत उभं राहिलं की नाकाला पहिला वास येतो तो ओल्या मातीचा आणि वालाच्या फुलांचा.

वाल हे इथलं थंडीचं पीक. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे. पाणी द्यावं लागत नाही, पहाटेचं दव पुरतं. पौषात शेंगा भरल्या की रायगड जिल्ह्यात घरोघरी पोपटी लागते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मातीचं मडकं घ्यायचं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा, हा पाला शेताच्या बांधावर आपोआप उगवतो आणि त्याला ओव्यासारखा उग्र वास असतो. त्यावर जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या अख्ख्या शेंगा, मध्ये अंडी, कांदे, बटाटे, आणि चालत असेल त्यांनी मसाला चोळलेली कोंबडी. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा; चर्र होऊन पाणी क्षणात उडालं की पोपटी झाली. कागदावर ओतल्यावर जी वाफ येते तिच्यात सारी थंडी सामावलेली असते.

आता खरी अडचण. पोपटी म्हटली की बाटली आलीच, हे इकडे उघड गुपित आहे. पुरुष मंडळी जाळापाशी बसतात, बायका ओट्यावर, आणि मधल्या अंधारात काय चाललंय ते कुणी कुणाला विचारत नाही. मामींचं घर याला अपवाद. मामींच्या थोरल्या भावाने दोन एकर भातजमीन ग्लासात ओतली आणि पन्नाशीच्या आत गेला. तेव्हापासून मामींच्या उंबऱ्याच्या आत बाटली आलेली नाही. पुढे त्यांच्या माहेरगावी बायकांनी दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान मागितलं, तेव्हा मामी तीन दिवस तिथे मुक्कामाला होत्या. मतदानाची ही सोय आपल्या राज्यात आहे. गावातल्या पाव हिश्श्याने मागणी केली की गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर एक बाटली उभी आणि एक आडवी, आणि निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद.

अशा घरात गेल्या पौषात आमचे भाऊजी, म्हणजे मामींचे धाकटे चिरंजीव, पुण्याहून बर्फाच्या खोक्यात चार डबे घेऊन आले.

"हे काय रे?" मामींनी विचारलं.

"बियर आहे, आई. पण नेहमीची नव्हे. क्राफ्ट बियर, अंबर एल. छोट्या भट्टीत थोडी थोडी, हाताखाली केलेली. आपल्या पेणचे पापड आणि कारखान्यातले पापड यांत फरक असतो की नाही? तसंच."

"पापड खाऊन कुणी जमीन विकलेली मी पाहिली नाही," मामी म्हणाल्या.

भाऊजी गप्प. हे शेंगा निवडायला लागले. मग मामीच म्हणाल्या, "सूनबाई शाळेत शिकवते. तिने डब्यावरचं वाचावं, काय असतं यात ते मला नीट सांगावं. बघायचं तर बघू एकदाच, पण माझ्यासमोर, उजेडात."

मी डबा दिव्याखाली धरला. मजकूर थोडाच होता. पाणी, सातूचं माल्ट, हॉप्स, यीस्ट. 500 मिलिलिटर. मद्यार्क 5 टक्के. आणि मद्यपान आरोग्याला घातक असल्याचा इशारा, जो 2019 पासून देशभर प्रत्येक मद्याच्या वेष्टनावर छापावाच लागतो.

माल्ट या शब्दाला आपण उगाच बिचकतो. दर उन्हाळ्यात आपण घरी माल्टच करतो, फक्त त्याला नाचणीचं सत्त्व म्हणतो. धान्य भिजवायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायचं, मंद भाजायचं, दळायचं. सातूचं तेच. मोड येताना दाण्यात एक पाचक द्रव्य तयार होतं आणि ते पिठूळ भागाची साखर करू लागतं. तुम्ही कधी पाहिलं असेल, साध्या नाचणीच्या पिठाची लापशी घट्ट गोळा होते आणि तेवढ्याच सत्त्वाची पातळ राहते व जराशी गोड लागते. त्यामागचं कारण हेच. बियरभट्टीत हे भरडलेलं माल्ट साधारण 65 ते 68 अंश गरम पाण्यात तासभर ठेवतात, म्हणजे उरलेल्या पिठाचीही साखर होते. ते गोड पाणी गाळून उकळायचं, निवलं की विरजण घालायचं. विरजण म्हणजे यीस्ट. ते साखर खातं आणि मद्यार्क व वायू सोडतं. एल आणि लागर हा भेदही विरजणाचाच. एलचं यीस्ट घरातल्या साधारण गारव्यात, 18 ते 22 अंशांत, काम करतं आणि वर तरंगतं. लागरचं चांगल्या थंडीत सावकाश काम करतं आणि तळाशी बसतं. दुकानात पिवळीधमक दिसते ती बहुतेक लागर.

आणि तांबूस रंग? तो भाजण्याचा. मोड आलेले दाणे ओले असतानाच झाकून गरम ठेवतात, आतल्या आत साखर होते, मग भाजतात. साखरेचा पाक पुढे गेला की जसा तांबूस होतो तसा प्रत्येक दाण्याच्या पोटात होतो. असं थोडंसं माल्ट, एकूण धान्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, घातलं की रंग आणि खमंगपणा दोन्ही येतात. 'अंबर एल' हे नाव मात्र जुनं नाही. 1980 नंतर अमेरिकेत छोट्या भट्ट्या वाढल्या, त्यांनी ते रूढ केलं.

हे सारं मी सांगत असताना मामी ऐकत होत्या. मग त्यांनी काचेचा ग्लास आणून ठेवला. स्टीलचा पेला भाऊजींनी नको म्हटला. रंग दिसला पाहिजे ना!

ग्लासात ओतलेली ती बियर दिव्यासमोर धरली तर दूध न घातलेल्या चहाच्या रंगाची, जरा लालसर झाक. वर दोन बोटं फेस, पांढराशुभ्र नव्हे, साईच्या रंगाचा. भाऊजी म्हणाले, बर्फातून काढल्या काढल्या घेऊ नका, दहा मिनिटं थांबा. हे त्यांचं म्हणणं अगदी खरं निघालं. फार गार असताना तिला वासच नव्हता. जरा थंडी उतरल्यावर मात्र पहिल्यांदा बेकरीच्या पावाच्या करपलेल्या कडेचा वास आला, मग काहिलीतल्या उकळत्या गुळाचा, आणि अगदी मागे संत्र्याच्या सालीचा.

मी चार घोट घेतले. ह्यांनी भुवया उंचावल्या, पण मामी समोर बसल्या होत्या आणि हुकूम त्यांचा होता. (कायद्याचंही सांगून टाकते. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात आजही आहे, पिणाऱ्याजवळ परवाना लागतो आणि बियरसाठी वय 21, कडक दारूसाठी 25 पूर्ण असावं लागतं. एका दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो. भाऊजींनी माझ्याही नावाचा घेऊन ठेवला होता!) पहिला घोट जिभेच्या टोकाला गोडसर, चिक्कीच्या पाकासारखा. दुसऱ्या क्षणी कडू. हा कडूपणा हॉप्सचा. ही एका वेलीची फुलं, आणि त्यातही फक्त मादी वेलीचीच वापरतात. मेथी भाजीत घालताना एक दाणा जास्त पडला तर जे होतं तसं शेवटी शेवटी झालं. करणाऱ्याचा भाजण्याचा हात उत्तम, पण फुलं जरा आवरायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत.

दुसरा घोट वालाच्या शेंगेबरोबर घेतला आणि चव बदलली. कोवळ्या वालाचा मूळचाच एक कडवटपणा असतो, वर मीठ आणि पाल्याचा धूर. त्यापुढे बियरचा कडूपणा मवाळ झाला आणि गोडी वर आली. तिसरा भाजलेल्या अंड्याबरोबर, तो सर्वांत छान. चौथा मामींनी तळलेल्या जिताड्याबरोबर. खारेपाटातल्या तळ्यांत वाढलेला जिताडा म्हणजे या भागाचा मान, आणि त्या चिंच-लसणाच्या तुकडीपुढे बियर अगदीच फिकी, नुसतं कडू पाणी लागली. जिताड्याबरोबर सोलकढीच हवी. चार घोटांवर मी ग्लास खाली ठेवला.

मामींनी तो उचलला. सगळे बघत राहिलो. त्यांनी ओठाला लावला नाही, फक्त वास घेतला. पुन्हा घेतला.

"अगं, हा तर सत्त्वाचा वास!" त्या म्हणाल्या. "जरा जास्त भाजलं की येतो तो. एवढं चांगलं सत्त्व, आणि त्याचं हे करायचं?"

भाऊजींना वाटलं, बाजी जिंकली. म्हणाले, "बघ आई, मी म्हणत होतो. ही काय दारू आहे थोडीच!"

हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल! 'बियर म्हणजे काही दारू नव्हे.' मी खडू नसल्याने कोळशाने ओट्यावर हिशेब मांडला. 500 मिलिलिटरचे 5 टक्के म्हणजे 25 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के छापलेलं असतं. तिच्या मोठ्या पेगात, म्हणजे 60 मिलिलिटरमध्ये, मद्यार्क भरतो साडेपंचवीस मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे एक डबा तोच एक मोठा पेग. फरक एवढाच की एक पाण्याबरोबर येतो, दुसऱ्यात पाणी आधीच घातलेलं असतं. दोन डबे घेऊन मोटारसायकलवर बसणारा मुलगा दोन मोठे पेग घेऊनच बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितलं की मद्याचं निर्धोक असं कुठलंही प्रमाण नाही. गरोदर बाईने तर चमचाभरही घेऊ नये, आणि झोपेची, फिट्सची, मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

भाऊजींनी हिशेब तपासला. बरोबर होता. चारांपैकी दोन डबे त्यांनी आपणहून खोक्यात परत ठेवले.

जाळ विझत आला तसा गप्पांना सूर लागला. मी त्यांना सांगितलं की युरोपात शेकडो वर्षं बियर करणं हे बायकांचंच काम होतं. इंग्लंडात चौदाव्या शतकापर्यंत घरची बाई पाव भाजायची तशीच एल करायची, आणि घरच्यांना पुरून उरली तर दाराबाहेर काठीला झुडूप बांधून ठेवायची. ती खूण बघून शेजारीपाजारी विकत घ्यायला येत. चव बघायला गावाचा अधिकारी यायचा. हॉप्समुळे पेय टिकतं हे बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड नावाच्या जोगिणीने लिहून ठेवलंय. मग टिकाऊ माल आला, मोठी पिंपं आली, भांडवल आलं आणि धंदा हळूहळू पुरुषांच्या हाती गेला.

"पैसा आला की तसंच होतं," मामी म्हणाल्या. "पापडाचं तेवढं अजून आमच्याकडे आहे."

त्यांनी मग मोहाचं काढलं. वाडीवरच्या कातकरी बायका चैत्रात पहाटे मोहाची फुलं वेचतात. वाळवतात, भाजून खातात, भाकरीतही घालतात. दारू त्याचीच होते हे खरं. पण 1892 साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांपुरता कायदा करून फुलं बाळगण्या-विकण्यावरच बंधनं घातली, कारण घरच्या दारूमुळे सरकारी दारूचा महसूल बुडत होता. कुलाबा म्हणजे आपला रायगड, नाव बदललं ते 1981 साली. फुलं खाणाऱ्याच्याही तोंडचा घास गेला आणि दारू काही थांबली नाही. आता तीच 'हाताने, थोडी थोडी' केलेली गोष्ट पुण्या-मुंबईत चकचकीत डब्यात मानाने मिळते. राज्यातली पहिली छोटी बियरभट्टी 2009 साली पुण्यात निघाली, 'डूलाली' तिचं नाव. हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलाय, हे ऐकून मामींना फार हसू आलं. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं, म्हणून डोकं फिरलेला तो 'डूलाली'.

"म्हणजे नावातच सांगून ठेवलंय त्यांनी," मामी म्हणाल्या.

त्या रात्री उरलेल्या दोन डब्यांतला एक भाऊजींनी आणि ह्यांनी निम्मा निम्मा घेतला, उजेडात, सर्वांसमोर, जेवताना. अंधारातलं पिणं मामींच्या अंगणात पुन्हा होणार नाही हे कुणी बोललं नाही, पण तसं ठरल्यासारखं झालं. उंबऱ्याच्या आत मात्र डबा गेला नाही. मामींनी स्वतः जाऊन खोकं पडवीत ठेवलं.

फाल्गुनात मामींचा फोन आला. त्यांनी पेणहून सातू आणले होते आणि मोडच येत नव्हते. मी म्हटलं, पॉलिश केलेले आणले असतील. वाण्याकडे पांढरे, गुळगुळीत सातू मिळतात त्यांना मोड येत नाहीत. सालासकट 'जव' म्हणून मागावे, पूजासाहित्याच्या दुकानात हमखास मिळतात. त्यांनी अर्धा किलो जव आणले. रात्रभर भिजवले, फडक्यात बांधून दिवसातून दोनदा पाणी शिंपडत तीन दिवस ठेवले, मूळ दाण्याएवढं लांब झालं तेव्हा काढले. निम्मे उन्हात वाळवून, हातावर चोळून मुळं काढून टाकली (ती ठेवली तर कडू लागतात), मंद भाजून दळले. हे सत्त्व नातवाला दुधातून चालू आहे. सालाचा कोंडा राहतो, तेव्हा मलमलच्या फडक्यातून चाळावं.

उरलेले निम्मे त्यांनी भट्टीवाल्यांसारखे केले. ओले मोड आलेले दाणे झाकणाच्या डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात तासभर ठेवला. पाणी उकळू द्यायचं नाही, बोट जेमतेम एक क्षण ठेवता येईल इतपतच गरम. मग लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर, हात न थांबवता, तांबूस होईपर्यंत भाजले. दाणे निवल्यावर कुरकुरीत झाले, आत लिमलेटच्या गोळीसारखे गोड. मामी म्हणाल्या, घरभर त्या डब्याचा वास सुटला होता. नातवंडांनी फुटाण्यासारखे खाऊन दोन दिवसांत बरणी रिकामी केली, सालं तेवढी अंगणभर थुंकून ठेवली, आणि भाऊजींना पुण्याला पाठवायचे म्हणून ठेवलेले मूठभरही शिल्लक राहिले नाहीत.